आईच्या जागेवर

दिंडीच्या भिशीचे, म्हणजे वाटेतल्या जेवण-मुक्कामाच्या वर्गणीचे, पैसे आईने उन्हाळ्यातच भरले होते, आणि ज्येष्ठ लागला तसा तिचा गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, चालायचं नाव काढू नका. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. मग माझ्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "भरल्यालं पैसं माघारी मिळत न्हाईत. तू जा." मी भक्तीने वारीला गेलो असा कुणाचा समज नको, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. विठ्ठलापेक्षा आईच्या काटकसरीचा वाटा मोठा.

तेव्हा मी खोलीबाहेर फारसा येत नव्हतो. पुण्यात सदाशिव पेठेत कित्येक वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. कुणी विचारलं की "अभ्यास करतो" एवढं म्हटलं की पुढचं विचारत नसत. वय वाढलं, बरोबरच्या काहींचे सत्काराचे फोटो आले, काही जण गावी जाऊन दुकानाला बसले, आणि मी सातारला परत येऊन पलंगावर बसलो. अभ्यास सुटल्यावर "काय करतोस"ला उत्तरच उरलं नाही. ग्रुप सोडले. फोन वाजून वाजून बंद पडायचा. आंघोळ आज नको उद्या करत चार-चार दिवस जायचे. आई ताट दाराबाहेर ठेवून जायची आणि अर्ध्या तासाने तसंच उचलून न्यायची. शेवटी मामी मला धरून सिव्हिलला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, रात्रीची गोळी लिहून दिली, दोन-तीन आठवडे फरक दिसणार नाही आणि मनाने बंद करायची नाही, असं दोनदा बजावलं. वारीला जाऊ का विचारलं तर म्हणाल्या, जा, पण गोळ्या पिशवीत वरच ठेव आणि पाणी पीत राहा.

ही मामी म्हणजे कोरेगावकडची, दिंडीत आईची जोडीदारीण. सातारहून वाठारमार्गे एसटीने लोणंदला उतरलो. माऊली निरा ओलांडून जिल्ह्यात आली होती, लोणंदच्या तळावर चिखल आणि माणसं एवढंच दिसत होतं. दिंडीच्या वहीत आईचं नाव होतं, ते कुणी खोडलं नाही. रात्री हजेरी घेताना विणेकरी आबा आईचं नाव पुकारायचे आणि मी "हाय" म्हणायचो. पहिल्या रात्री तंबूत हशा पिकला. नंतर कुणी हसलं नाही, सवय झाली. माझं स्वतःचं नाव तिथे फार कमी लोकांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याने बरंच वाटलं.

चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं. मला घोडा दिसला नाही, समोरच्याने वर धरलेल्या मोबाईलमध्ये शेपूट दिसलं. तरडगावचा मुक्काम पावसात गेला.

तंबूत माझ्या शेजारी नाना. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलतात. रात्री जेवण झालं की ते बीपीची गोळी काढायचे. मी माझी काढायचो. ती कशाची, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. "घेतली का?" "घेतली." संपलं. तिसऱ्या राहुटीतले एक गृहस्थ मात्र माझं पाकीट पाहून सरसावले. डिप्रेशन-बिप्रेशन हे शहरातलं फॅड, औषधं फेकून दे, नाम धर, आठ दिवसांत लख्ख होशील. मी खाली मान घालून ऐकत होतो. नाना ओरडले, "ह्यांनी मागल्या सालाला बीपीची गोळी सोडली व्हती. घाटात चक्कर यून पडलं, मग अँब्युलन्समदनं नाम घेत गेलं." त्या गृहस्थांनी पुन्हा विषय काढला नाही.

गोळीने झोप जड येते. पहाटे तीनला टँकरची रांग लागायची तेव्हा मला हलवून काही उपयोग नसायचा. नाना पायाचा अंगठा धरून ओढायचे. "उठ, पैला कर्णा झाला." झालेला नसायचाच. दर पहाटे तीच थाप, आणि दर पहाटे मी फसायचो.

तरडगाव ते फलटण ही वाट एकवीस-बावीस किलोमीटरची, म्हणजे अंगावर येणारीच. काळजच्या दत्तमंदिरापर्यंत मी ठीक होतो. मोजे रात्रीपासून ओले होते. सुरवडीच्या अलीकडे डाव्या टाचेत काहीतरी सरकलं, आणि मग प्रत्येक पावलाला ते जाणवायला लागलं. पुढे नामाचे, रूपाचे अभंग झाले, गौळणी चालू होत्या, पाऊली पडत होती, आणि माझ्या डोक्यात एकच, टाच. ऊन पडलं. पाऊस थांबल्यावर पडतं ते असलं चिकट ऊन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढाऱ्यांचे फ्लेक्स, प्रत्येकाचे हात जोडलेले. दर शंभर पावलांवर कुणीतरी बिस्किटाचा पुडा हातात कोंबायचं आणि पुढे रस्ताभर त्याच पुड्यांचे कागद. एक मुलगा उलटा चालत माझा व्हिडिओ काढत होता, लंगडणारा वारकरी चांगला दिसतो म्हणून असेल. मी त्याला शिवी दिली. पुढच्या ओळीतल्या आजींनी वळून बघितलं आणि त्या पुन्हा टाळ वाजवायला लागल्या.

"फलटण अजून दोन टप्पं," नाना म्हणाले. ते सगळं अंतर एसटीच्या टप्प्यांत मोजतात. त्यांचे टप्पे किती किलोमीटरचे असतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

निंभोऱ्याच्या ओढ्याच्या पुढे मी बसलो. बसलो म्हणजे पाय निघेचना. रस्त्याकडेला एक घर होतं, पुढे पत्र्याची शेड, चुलीवर मोठ्ठं पातेलं. पंगत उठत होती. एक बाई, आईच्या वयाची असेल, पदर खोचून, परात घेऊन जाता जाता थांबली.

"कंचा पाय?"

मी डावा दाखवला. तिने बूट काढायला लावला, मोजा स्वतःच ओढून काढला आणि नाक मुरडलं. "आरं, ह्ये काय आंबवून ठिवलंय?" मग ओरडून सुनेकडून घंगाळात कोमट पाणी मागवलं. त्यात मीठ टाकलं. मला म्हणाली, बुडवून बस, उठायचं न्हाय. आणि माझ्यापुढे लसणाने भरलेलं सुपडं सरकवलं.

"हात रिकामं हाईत न्हवं? सोल."

मी लसूण सोलायला लागलो. पाय पाण्यात, नखांत टरफलं. बाई मधेच येऊन सोललेला मूठभर न्यायची, मधेच सुनेला हाका मारायची, मधेच आलेल्या वारकऱ्यांच्या पाया पडायची आणि लगेच त्यांनाच पत्रावळी नीट टाका म्हणून रागवायची. उसाचं बिल थकलंय, डेअरीवाला फॅट कमी लावतो, धाकट्याचं लग्न जमत नाही, हे सगळं ती मला सांगत होती, पण उत्तराची वाट बघत नव्हती. मला तसं बोलणं ऐकून किती दिवस झाले होते. घरी माझ्याशी सगळे जपून बोलायचे, आवाज कमी करून. आजारी माणसाशी बोलतात तसं नाही, फुटक्या काचेच्या भांड्याला हात लावतात तसं. इथे मी नुसता लसूण सोलणारा होतो, आणि तोही हळू. "तुझ्या आईनं काय शिकवलं न्हाय का?" ती म्हणाली. "पाकळी आपटायची आदी."

मग ती सुई घेऊन आली. चुलीच्या जाळावर धरून लाल केलेली, मग दोरा ओवलेली. फोड फोडला नाही, सुई एका बाजूने घालून दुसरीकडून काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावाटे झिरपायला लागलं. तिच्या सासूने तिला हे शिकवलं, म्हणाली. वारीच्या रस्त्यावर घर असलं की हे यायलाच लागतं. वर हळद-खोबरेल लावलं, मुलाचा एक सुका मोजा दिला. फक्त एकच, दुसऱ्या पायाला काय झालंय, असं तिचं म्हणणं.

मी नाव विचारायचं राहिलं, तिनेही विचारलं नाही. निघताना पाया पडलो तर तीच माझ्या पाया पडली, "माऊली" म्हणून, आणि मी इतका गोंधळलो की पुन्हा खाली वाकलो. दोघं एकमेकांच्या पायाशी. सून हसायला लागली.

वडजलपर्यंतचा रस्ता मला नीट आठवत नाही. दिंडी पुढे गेली होती. मी अनोळखी लोकांत चालत होतो आणि कुणाच्या तरी हरिपाठात तोंड हलवत होतो. कुठेतरी रडलो. का ते सांगता येणार नाही, टाच तर आता कमी दुखत होती.

फलटणला तळ विमानतळाच्या मैदानावर. पोचलो तेव्हा समाजआरतीसाठी दिंड्या गोळा होत होत्या. मामीने मला बघितलं, पाय बघितला आणि माझ्या हातात टाळ दिले. "पाय चालत न्हाईत तर हात चालव."

समाजआरतीचा नेम ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला की सगळं मैदान गप्प होतं. टाळ, मृदंग, माणसं, सगळं. आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिने तेवढे टाळ वाजवत राहायचं. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने येतात, ऐकून घेतात. ही सगळी शिस्त माऊलींचा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांची. ते आमच्या सातारजवळच्या आरफळचे, शिंद्यांच्या सरदारांतले, त्यामुळे वारीला लष्करी वळण आलं असं आबा नेहमी अभिमानाने सांगतात.

त्या दिवशी तक्रार आमचीच होती. आदल्या मुक्कामी दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रकने आमची जागा अडवली होती आणि बायकांना रात्रभर पाण्यात बसावं लागलं होतं.

चोप वर गेला. हजारो माणसं एका क्षणात गप्प. माझे हात आपोआप थांबले. मामीने कोपराने ढोसलं. "वाजव. यीस्तोवर थांबू नगंस."

एवढ्या शांततेत आमचे पाच-सहा टाळ, आणि त्यातला एक माझा, बेताल. सगळी डोकी आमच्याकडे वळलेली. मला घाम फुटला. गेली दोन वर्षं मी कुणाला माझा आवाज जाईल असं काही केलं नव्हतं. पुण्यातल्या खोलीत रूममेटला कळू नये म्हणून नळ सोडून रडायचो. हात ओढून घ्यावा असं दहादा वाटलं. मामी समोर बघत वाजवत होती, तिचा चेहरा भांडायला उभ्या राहिलेल्या बाईसारखा अजिबात नव्हता. पाणी भरायला उभी असावी तशी ती उभी होती. चोपदार आले. आबांनी सांगितलं. त्यांनी मान हलवली, मग आमचे टाळ थांबले. पुढे हरवले-सापडलेचा पुकारा झाला. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, निरेपासून चुकलेली एक आजी. आरती झाली.

तक्रार मिटली का? निम्मी. दुसऱ्या दिवशी बरडला तो ट्रक हलला, पण आमच्या चुलीच्या जागेवर येऊन उभा राहिला.

विडणी, पिंप्रद, बरड. धर्मपुरीला सातारा जिल्हा संपला. पुढचे दिवस एकमेकांत मिसळलेत. एका दुपारी सगळ्यांचा इतका राग आला की मी तंबूच्या मागे एकटाच जाऊन जेवलो. नाना शोधत आले आणि "हितं सावली बरी हाय" म्हणून शेजारी बसले. मला एकटं राहायचं होतं हे त्यांना सांगायला जेवढ्या मोठ्याने ओरडावं लागलं असतं, तेवढी ताकद नव्हती. नाचलोही एकदा, वेळापूरच्या आसपास. पंढरपुरात दर्शनबारीची रांग बघून मामी म्हणाली, कळसाला हात जोडा आणि चला. जोडले.

घरी आल्यावर सगळं ठीक झालं असं नाही. श्रावणात पुन्हा आठवडाभर दार लावून पडलो. डॉक्टरीणबाईंनी गोळीचं प्रमाण बदललं. त्या आठवड्यात नानांचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. मग त्यांनी आईला फोन केला. स्पीकर नसतानाही मला आतल्या खोलीत सगळं ऐकू आलं. "पोराला म्हणावं, पेन्शन अडकायची. हयातीचा दाखला मोबाईलवर निघतोय म्हणं, मला काय जमंना."

गेलो. एसटीने तासभर. नानांच्या ओसरीवर त्यांचा चेहरा मोबाईलसमोर धरला. ॲप म्हणतं, डोळ्यांची उघडझाप करा. नाना एक डोळा मिटतात. मी ओरडतो, दोन्ही. ते म्हणतात, ड्रायव्हरनं दोन्ही डोळं मिटायचं नसत्यात. चौथ्या-पाचव्या खेपेला मशीनने मानलं. नानांनी त्या हिरव्या खुणेकडे बराच वेळ बघितलं आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना हाक मारली. तेही रिटायर, तेही अडकलेले. आता दर एकादशीला भजनाला जातो तेव्हा कुणी ना कुणी आधार कार्ड घेऊन बसलेलं असतं. चहा त्यांचा, डेटा माझा. मागच्या वेळी एका आजोबांच्या बोटाचे ठसे काही केल्या उमटेनात, जन्मभर शेतात राबून बोटं गुळगुळीत झालेली. पुढच्या एकादशीला त्यांचा चेहऱ्यावरून प्रयत्न करायचाय, तोवर नानांनी त्यांच्याकडून उघडझापेचा सराव करून घ्यायचं कबूल केलंय.