एकच डबा, दोन टीव्ही

जुलैचा दुसरा आठवडा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं चालली होती आणि मी शाहूपुरीतल्या दुकानात खालच्या फळीवरचं सामान माळ्यावर चढवत होतो. २०१९ ला गल्लीत पाणी शिरलं, तेव्हापासून पावसाळ्यात हे काम ठरलेलंच. जुना १४ इंची डबा टीव्ही तेवढा काउंटरवर होता. तो जड असतो, म्हणून शेवटी चढवतो.

तेवढ्यात एक गृहस्थ प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आत आले. पिशवीत पिवळट पडलेला टीव्ही गेम, दोन कंट्रोलर, एक कॅसेट आणि बदकं मारायची बंदूक.

"दादा, उडीचं बटण बदलून द्या. दाबलं की लगेच उडी लागंना झालीय. लागतीय, पण मागनं लागतीय. आणि बंदूक तर मेलीच आहे."

बोलताना त्यांनी उजवा हात पुढं केला आणि मला अंगठ्यावरचा टाक्यांचा लांब व्रण दिसला. उद्यमनगरात टर्नर. मार्चमध्ये लेथवर जॉब काढताना अंगठ्याची शीर तुटली. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. आता व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की अंगठा हलता ठेवा, घरात गेम असेल तर पोरीबरोबर खेळा. म्हणून त्यांनी माळ्यावरचा हा गेमचा डबा काढला.

"सातवीत असताना कॉन्ट्राची पहिली लेव्हल एकसुद्धा लाइफ न घालवता काढायचो. आता पुलावरनं पाण्यात पडायला लागलोय. बटण बदलून बघू. नाहीतर अंगठा गेला म्हणायचा. मालकाला सांगतो, लेथ नको, गेटवर बसवा."

हे ऐकल्यावर मी हातातलं काम खाली ठेवलं.

ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना त्यांचं म्हणणं लगेच कळेल. कोनामी कंपनीनं कॉन्ट्रा १९८७ मध्ये पार्लरच्या मशिनसाठी काढला आणि १९८८ मध्ये घरच्या गेमच्या डब्यासाठी. पळत सुटायचं, गोळ्या मारायच्या, उड्या मारायच्या, एवढंच. पण एक गोळी लागली किंवा पळत येणारा एक शिपाई अंगाला घासला की लाइफ गेली. लाइफ तीनच. वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए हा मंत्र आमच्या पिढीला पाठ आहे, त्यानं ३० मिळतात. पहिल्या लेव्हलमधला पूल तुम्ही जवळ आलात की तुकड्यातुकड्यानं उडायला लागतो. तिथं विचार करायला वेळ नसतो, अंगठ्यानंच विचार करायचा. शिवाय माणूस हवेत असताना त्याला डावीउजवीकडं वळवता येतं, म्हणून सगळा खेळ उडी नेमकी कधी सुटली यावर उभा आहे. विटा रचायच्या गेममध्ये थोडा उशीर खपून जातो. इथं नाही.

कंट्रोलर उघडला. रबराखालच्या कार्बनच्या टिकल्या बऱ्या होत्या, पट्टीवर मळ होता. तो पुसला. मीटर लावला, बटण दाबलं की बीप लगेच. गेमचा डबा काउंटरवरच्या टीव्हीला जोडला. बंदूक लावली, पहिल्याच गोळीला बदक पडलं. मग ते स्वतः खेळायला बसले आणि एकदाही न पडता पूल पार करून गेले. मळाचाच दोष होता असं मी ठरवून टाकलं. ते खुशीत गेले.

रात्री नऊला फोन. आवाज पार पडलेला.

"दादा, घरी परत तसंच. बंदूक पण चालंना."

बटणावरचा मळ पुसून बंदूक कशी सुरू होईल? हा प्रश्न मला दुकानातच पडायला हवा होता. बंदूक गोळी सोडत नाही, ती बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि नळीतला सेन्सर त्याच क्षणी तिथं उजेड आहे का ते तपासतो. चौकोन उशिरा आला तर नेम कितीही बरोबर असू दे, बदक पडत नाही. म्हणजे घरात उशीर करणारं काहीतरी होतं. ते बटण नव्हतं, आणि कदाचित अंगठाही नव्हता.

सकाळी डबा टीव्ही प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळला, रिक्षात घातला आणि पावसातच मंगळवार पेठेत त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर ४३ इंची नवा एलईडी. मी त्यांना खेळायला सांगितलं आणि पडद्याकडं बघत राहिलो. लाइफ गेल्यावर नवा माणूस खाली येतो तो थोडा वेळ लुकलुकतो, तेवढ्यात त्याला काही होत नाही. इथं तो लुकलुकत नव्हता, जाळीतनं बघितल्यासारखा चिरलेला दिसत होता. आपल्याकडच्या टीव्ही सिग्नलच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० चित्रं येतात. हा जुना गेमचा डबा प्रत्येक चित्र सुटं पाठवतो. नव्या टीव्हीला वाटतं की ही एकाच चित्राच्या सम-विषम ओळींची जोडी आहे, म्हणून तो पुढच्या चित्राची वाट बघतो, दोन्ही एकमेकांत विणतो, मोठं करतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. माझ्या डबा टीव्हीसारखा काचेचा जुना टीव्ही काहीच साठवून ठेवत नाही. सिग्नल येईल तशी ओळ रंगवत जातो.

सांगून पटलं नसतं. एका वायरीच्या दोन वायरी करणारी पिन लावली आणि एकाच डब्याचं चित्र दोन्ही टीव्हीवर सोडलं. दोन्ही पडदे शेजारी-शेजारी. माझ्या फोनवर सेकंदाला २४० चित्रं घेणारं स्लो मोशन आहे, ते सुरू केलं. त्यांना म्हटलं, एकच उडी मारा.

नंतर एकेक चित्र पुढं सरकवत बघितलं. मोजायचं काम त्यांच्या आठवीतल्या मुलीनं घेतलं. एकोणतीसपर्यंत तिनं सरळ मोजलं आणि मग ओरडलीच, "पप्पा, ह्या टीव्हीत तुम्ही कवाच उडी मारलीय! ह्याच्यात अजून उभारलायसा!"

३० चित्रं. सेकंदाचा आठवा भाग. गेमच्या हिशेबानं सहा चित्रांचा उशीर. पूल पायाखालनं जायला एवढं पुरतं.

सेटिंगमध्ये गेम मोड सापडला. तो लावल्यावर ३० ची २२ झाली, पण जुन्या वायरीतनं येणाऱ्या सिग्नलला त्याहून कमी होईना. ह्याचा मला मनापासून राग आहे. टीव्हीच्या खोक्यावर पडदा किती इंच, ठिपके किती, हे मोठ्या अक्षरांत छापतात. बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंतचा वेळ मात्र मला खोक्यावर कधी दिसला नाही. आणि इथं एक माणूस त्यापायी पंधरा दिवस स्वतःच्या हाताला दोष देत बसला होता.

हात पूर्ण बरा झालाय असं मी त्यांना सांगितलं नाही. ते मी सांगू शकत नाही, ते डॉक्टर सांगतील. पण एवढं सांगितलं की ह्या गेमवरनं अंगठ्याचा निकाल लावू नका, आणि लावायचाच असेल तर काचेच्या टीव्हीवर खेळून लावा.

ते काही बोलले नाहीत. फोनवरची ती उडी त्यांनी तीन-चार वेळा मागं-पुढं करून बघितली. मग जमिनीवर डबा टीव्हीसमोर मांडी घालून बसले. पूल गेला. पसरत जाणारी एस गन मिळाली. पुढं एका शिपायाला धडकून मेले आणि वळून मला म्हणाले, "हे माझं चुकलं. उडी मीच उशिरा मारली." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही.

वहिनींनी चहा आणला. मुलीनं दुसरा कंट्रोलर घेतला. तासाभरात दोघं तिसऱ्या लेव्हलच्या धबधब्यावर पोचले. तिथं एकानं भराभर वर चढून चालत नाही. पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागं राहिलेला खालच्या खाली मरतो.

"पप्पा, थांबा की! मी खाली आहे!"

"चढ, चढ, थांबलोय."

मालकाला इतक्यात काही बोलत नाही, तपासणी झाल्यावर बघतो, असं ते दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले. टीव्ही परत न्यायला रिक्षा बोलवू का, असंही विचारलं. आतनं गोळ्यांचा आवाज येत होता. मी नको म्हटलं आणि छत्री उघडली. माळ्यावर तेवढीच जागा झाली.