माझा शिक्का आणि दुसऱ्याचं ड्रॉइंग

कॅलिफोर्नियात लँडस्केप आर्किटेक्टचं, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागांचे आराखडे करण्याचं लायसन्स मिळालं त्याच दिवशी मी ड्रॉइंगवर मारायचा शिक्का करायला टाकला. एलएआरई या लायसन्सच्या परीक्षेचे चार पेपर, त्यावर राज्याची वेगळी पुरवणी परीक्षा. पुण्यात बी.आर्क. केलं तेव्हा असं काही असतं हेच माहीत नव्हतं. आपल्याकडे १९७२चा कायदा आर्किटेक्टसाठी आहे, लँडस्केपचं वेगळं लायसन्स नाही. इथे ते १९५३पासून आहे.

शिक्क्यावर नाव, लायसन्स नंबर, ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ आणि ‘स्टेट ऑफ कॅलिफोर्निया’ हवं. शिवाय सही, सहीची तारीख आणि लायसन्स नूतनीकरणाची तारीख यांना जागा. ती शेवटची तारीख मी कोरूनच घेणार होते. ऑफिसमधल्या सीनियरने थांबवलं. लायसन्स दर दोन वर्षांनी नवं होतं, तिथे नुसती रेघ ठेव, म्हणाली.

महिन्याभरात ओळखीच्या एका कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला. “ताई, ड्रॉइंग तयार आहे. तुमचा शिक्का तेवढा हवा, उद्या सिटीच्या ऑफिसात मंजुरीला द्यायचंय.” फाइल उघडली. लॉन आणि कमी पाण्याची झुडपं एकाच व्हॉल्व्हवर. पाण्याचा हिशोब नाही. उताराला माती अडवणारी सहा फुटांची रिटेनिंग वॉल, तिच्यावर इंजिनियरचं नाव नाही. नाही म्हणताना जीव कासावीस झाला, कारण माणूस भला होता आणि घरमालक खोळंबला होता. पण तो शिक्का म्हणजे ‘या कामाची जबाबदारी माझी’ असं लिहून देणं. जे काम मी केलं नाही, माझ्या देखरेखीखाली झालं नाही, त्यावर तो कसा मारू? कायद्यानेही चालत नाही.

“साइट दाखवा, मी पहिल्यापासून करते,” म्हटलं. चार दिवसांनी तो तयार झाला. मापं घेतली, लॉन निम्म्याहून कमी केलं, व्हॉल्व्ह वेगळे केले. राज्याच्या नियमात घराच्या बागेसाठी असलेला ०.५५चा गुणक धरून वर्षाच्या पाण्याची मर्यादा काढली आणि आमची गरज तिच्यात बसवली. भिंत सिव्हिल इंजिनियरकडे गेली. त्या शीटवर त्याचा शिक्का, माझ्या शीटवर माझा.

काम संपल्यावर पूर्णत्वाच्या दाखल्यावरही मीच सही करणार होते. आधी जाऊन एकेक व्हॉल्व्ह चालवून पाहिला. एक फवारा फुटपाथ भिजवत होता. तो फिरवून घेतला, पुन्हा पाणी सोडलं, मग सही केली.