मांडवी, मेघना आणि सगतसिंग

मी गोव्यात पर्यटन मार्गदर्शक आहे. घर डिचोलीला. पाहुण्यांच्या मागण्या ठरलेल्या असतात: जुने गोवे, मंगेशी, मिरामार आणि संध्याकाळी मांडवीतली बोट. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात साताऱ्याकडचं एक कुटुंब आलं. त्यातल्या आजोबांनी गाडीत बसता बसताच सांगितलं, "चर्चबिर्च पोरांना दाखव. मला बेतीला ने."

आजोबा मराठा पॅराचे, म्हणजे छत्रीधारी सैनिकांच्या दुसऱ्या पॅरा बटालियनचे निवृत्त सुभेदार. १९६१च्या डिसेंबरात, मिसरूड फुटलेल्या वयात, ते गोव्यात लढायला आले होते. पण त्यांची पलटण फोंड्याच्या वाटेने गेली. ब्रिगेडची दुसरी फळी, म्हणजे शीख लाइट इन्फन्ट्री आणि ७ कॅव्हलरीचे रणगाडे, थिवीवरून पणजीसमोर मांडवीकाठच्या बेतीला पोहोचली. ती जागा सुभेदारांनी कधी पाहिलीच नव्हती.

ही ५० पॅरा ब्रिगेड. तिचे ब्रिगेडियर सगतसिंग.

गोवा मुक्तीच्या लष्करी मोहिमेचं नाव निघालं की जनरल कँडेथ आठवतात, आणि ते योग्यच आहे. मोहिमेची धुरा त्यांच्याकडे होती, १७ इन्फन्ट्री डिव्हिजन त्यांची, पुढे लष्करी गव्हर्नरही तेच झाले. मुख्य मुसंडी त्यांच्या डिव्हिजनची, पूर्वेकडून, अनमोड घाट उतरून. उत्तरेकडून येणाऱ्या पॅरा ब्रिगेडकडे दुय्यम काम होतं. तरी पणजीत पहिली शिरली ती हीच ब्रिगेड. माझ्या मते ही गोष्ट गोव्यातल्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक असायला हवी.

"साहेब मुळात पॅराचे नव्हतेच," सुभेदार गाडीत नातवाला सांगत होते. "बिकानेरच्या गंगा रिसाल्यातून आलेले, मग गुरखा पलटणीत. आमची ब्रिगेड मिळाली तेव्हा बेचाळीस वर्षांचे. त्या वयात विमानातून उड्या मारल्या अन् पॅराची मरून रंगाची टोपी कमावली. मग पोरं जीव टाकणार नाहीत तर काय!"

बेतीच्या धक्क्यावर उतरलो. समोर पणजी, आदिलशहाचा वाडा, जिथे पूर्वी सचिवालय होतं. फेरीबोट नुकतीच पलीकडून सुटली होती. सुभेदारांनी हात लांब केला, अंगठा उभा धरला, एक डोळा मिटला, मग दुसरा. अंगठा समोरच्या इमारतींवरून किती सरकला ते ओठांतल्या ओठांत मोजलं आणि म्हणाले, "पाचशे मीटर." मोहिमेच्या वर्णनांत पात्राची हीच रुंदी येते. मी काही बोललो नव्हतो.

१८ डिसेंबरला संध्याकाळी पाचच्या सुमारास फौज इथे पोहोचली. अस्नोड्याचा पूल पोर्तुगिजांनी उडवला होता, तरीही. पण नदी ओलांडायचा हुकूम आलेला नव्हता, म्हणून रात्र काठावरच काढली. १९ तारखेला सकाळी हुकूम आला आणि साडेसातला दोन कंपन्या पलीकडे निघाल्या. शहरात शिरताना सगतसिंगांनी जवानांना पोलादी हेल्मेट काढून मरून टोप्या घालायला लावल्या. मला या माणसाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. साडेचारशे वर्षं परक्यांची सत्ता पाहिलेल्या लोकांसमोर आपला जवान पहिल्यांदा येतोय, तर त्याचा चेहरा दिसला पाहिजे.

नातवाने विचारलं, "म्हणजे ते हुकुमाबाहेर कधी गेले नाहीत?"

सुभेदार हसले. "नथू ला खिंडीला विचार."

१९६५च्या युद्धात चीनने धमकी दिली, तेव्हा सिक्कीममधल्या दोन खिंडी सोडायचं वरून ठरलं. सगतसिंग तेव्हा तिथल्या एका डिव्हिजनचे प्रमुख. शेजारच्या डिव्हिजनने जेलेप ला सोडली. सगतसिंगांनी नथू ला सोडायला नकार दिला. ११ सप्टेंबर १९६७ला तिथे तारेचं कुंपण घालणाऱ्या आपल्या जवानांवर चिन्यांनी मशीनगन चालवल्या, तेव्हा परवानगीची वाट न पाहता त्यांनी तोफा सुरू केल्या. नथू ला आजही आपल्याकडे आहे.

आणि मग १९७१. सगतसिंग आता चौथ्या कोअरचे प्रमुख. या कोअरचं काम पूर्व पाकिस्तानातल्या मेघना नदीपर्यंतचं होतं, ढाक्याचं नव्हे. ९ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने आशुगंजचा रेल्वेपूल उडवला. सगतसिंगांनी हवाई दलाच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांतून माणसं रायपुऱ्याला, नदीपलीकडे उतरवायला सुरुवात केली. मांडवीच्या कितीतरी पट रुंद ती नदी. त्या उडीनंतर ढाका आवाक्यात आलं.

सुभेदारांची पलटण तेव्हा दुसऱ्या सेनापतीखाली होती. ११ डिसेंबरला ती टांगाइलला छत्र्यांनी उतरली आणि १६ तारखेला ढाक्यात सर्वांत आधी शिरणाऱ्यांत होती. "साहेब पूर्वेकडून, आम्ही उत्तरेकडून," ते म्हणाले. "त्यांच्या हाताखाली नव्हतो, पण नदी थांबवत नसते हे त्यांच्याकडूनच शिकलेलो."

सगतसिंगांना १९७२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७६ मध्ये लेफ्टनंट जनरल म्हणूनच निवृत्त झाले, २००१ मध्ये गेले. याहून मोठा मान त्यांचा होता, हे मी कुणासमोरही म्हणेन.

बोट धक्क्याला लागली, माणसं उतरली, चढली. सुभेदार जागचे हलले नाहीत. मला वाटलं, आता पलीकडे जायचंय. तर म्हणाले, "आग्वाद किती लांब? सिद्धूसाहेब तिथं गेले."

७ कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू. आग्वादच्या तुरुंगातल्या गोमंतकीय राजबंद्यांना सोडवायला गेले आणि तिथेच मारले गेले. पणजी रक्त न सांडता मिळाली, हे अर्धंच सांगणं आहे. मोहिमेत आपले २२ जवान पडले.

जेवणाची वेळ टळून गेली होती, मागे बसलेल्या सुनेने डबा उघडून पोळीचे तुकडे सगळ्यांच्या हातात दिले, आणि आम्ही तसेच निघालो. किल्ल्यावर सुभेदारांनी नातवाकडून सिद्धूंचं पूर्ण नाव, पलटणीसकट, पाठ म्हणून घेतलं.

एजन्सीच्या कार्यक्रमात बेती नसते. मी आता ती सकाळच्या पहिल्या टप्प्यात घालतो. पणजीहून फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे जाता येतं, आणि आग्वादचा रस्ता तिथूनच पुढे जातो.