बॉडी शेवटी घे

आत्याचा धाकटा गेले दोन महिने एकच विचारालाय, दादा 60 हजार साठलेत, कॅमेरा कुठला घेऊ. त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यात जे सांगितलं ते इथं एकदा नीट लिहून ठेवतो, कारण खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरंपण हेच विचारतात आणि सगळ्यांची सुरुवात बॉडीपासूनच, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यापासूनच होते.

माझीपण तिथूनच झाली. होते तेवढे पैसे बॉडीत घातले आणि सोबत मिळालेली 18-55 लेन्स घेऊन शिवजयंतीच्या चित्ररथांना गेलो. आपल्या बेळगावची मिरवणूक रात्रभर चालते, रथावरचा उजेड घडीत पिवळा घडीत निळा, मावळे झालेली पोरं एका जागी थांबत नाहीत आणि ती लेन्स झूम केली की एफ 5.6 पेक्षा जास्त उघडतच नाही (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त आत येतो). पहाटे घरी येऊन बघतोय तर चेहरे सगळे पुसल्यासारखे. पुढच्या वर्षी बॉडी तीच, फक्त 50 एमएम एफ 1.8 लावली, आणि तलवार उचललेल्या पोराच्या कपाळावरचा घाम दिसला! 5.6 आणि 1.8 मध्ये उजेडाचा फरक जवळजवळ 10 पट आहे, हा फरक नवीन बॉडी घेऊन भरून काढायला किती पैसे लागतील बघा. लहान सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणारी चिप लहान असलेल्या कॅमेऱ्यावर, ही लेन्स 75-80 एमएमसारखी वागते, म्हणजे गल्लीत चार पावलं मागं जावं लागतंय, खरं चेहऱ्यासाठी तेच बरं. म्हणून 60 हजारात माझं मत, जुनी मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी, ही एक लेन्स, आणि उरलेले आवाजाला.

आवाजाचं मनाला लागलेलं सांगतो. खानापूरकडं मामीच्या गावात हळदीच्या आदल्या दिवशी मामी जात्यावरच्या ओव्या म्हणत होती, मी कॅमेऱ्याच्याच माइकवर रेकॉर्ड केलं, वर पत्रा, पत्र्यावर पाऊस, कोपऱ्यात टेबलफॅन. चित्र इतकं सुंदर आलंय, खरं ओवी ऐकूच येत नाही. नंतर तिला पुन्हा बसवलं, तिनं म्हटल्या, खरं तो सूर काही लागला नाही. त्या दिवशी कॉलरला लावायचा एक साधा माइक असता तर काम झालं असतं, तो फोनलापण लागतो. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, फॅन बंद, आणि बाहेर वारं असेल तर माइकवर केसाळ टोपी. चोर्ला घाटात किंवा राजहंसगडावर त्या टोपीशिवाय नुसतं घुं घुं ऐकू येतंय.

लग्नाच्या हॉलमध्ये व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात ना, तो कॅमेरा खराब नसतोय. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमवर ठेवा आणि शटर 1/50 नाहीतर 1/100 सेकंद, बहुतेक वेळा पट्टे जातात. फोन मुळात 30 वर असतोय, तेवढं बदला. आणि उन्हात 1/50 ठेवून लेन्स उघडी ठेवायची तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लागतोच, गोकाकचा धबधबा शूट करताना तर हमखास.

आता पाऊस. यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा जास्त लिहितो. मुंबई-दिल्लीचे लोक बॅग कुठली घ्यावी सांगतात, खरं जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूर-जांबोटी पट्ट्यात लेन्स बॅगेतच मरते. दमट हवा, अंधार आणि बंद बॅग, बुरशीला एवढंच पाहिजे असतंय. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, मग ती काचेवरचं कोटिंग खाते आणि डाग कायमचा राहतो. माझी एक चांगली जुनी लेन्स अशीच गेली. महागडं ड्राय कॅबिनेट नको, रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, आत ओल शोषणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका, काटा 40 ते 50 टक्क्यांत राहिला पाहिजे. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे, मात्र स्वयंपाकाच्या कढईत अजिबात नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतंय, वेगळंच जुनं भांडं ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. पावसातून आलात की आधी फडक्यानं पुसा, पंख्याखाली वाळवा, मगच डब्यात.

जुनी लेन्स घेतानापण हेच बघायचं, मागून टॉर्च मारून समोरून आत बघा, धागे दिसले की हात जोडून परत या.

एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची फुकटची आवृत्ती भरपूर झाली, वॉटरमार्क येत नाही, आणि ते बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिकच्या साइटवर शिकायची पुस्तकं आणि सरावाचे क्लिप्सपण फुकट आहेत. ते पहिल्या पानापासून करा, मी दोन वर्षं तुकडे-तुकडे व्हिडिओ बघत घालवली आणि नोड (रिझॉल्व्हमध्ये रंग सुधारायची एकेक पायरी) म्हणजे काय हेच कळलं नव्हतं. फोटो सुधारायला डार्कटेबल, तेपण फुकटचं सॉफ्टवेअर. प्रकाश शिकायला डेव्हिड हॉबी यांची स्ट्रोबिस्ट या ब्लॉगवरची लायटिंग 101 ही मालिका, एका साध्या फ्लॅशवर सगळं समजावलंय. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेचे छोटे कोर्सपण असतात, जमलं तर एक करा.

आपल्या भागातली एक गरज, सबटायटल दोन लिपीत लागतात कारण लग्नात अर्धे पाहुणे कन्नड बोलणारे. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे बालू फॉन्ट फुकट आहेत, देवनागरीला बालू आणि कन्नडला बालू तम्मा, एकाच घरातली अक्षरं असल्यामुळं वर-खाली लिहिली तरी शोभतात. मला याचा फार आनंद होतो.

ड्रोन आता नको. सांबऱ्याचा विमानतळ जवळ, शहरातच मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवर ड्रोन कुठं उडवता येतो त्याचा नकाशा बघायला शिका.

शनिवारी धाकटा येतोय, टॉर्च घेऊन दोघं एक जुनी बॉडी बघायला जाणार आहोत. माझी 50 एमएम महिनाभर त्याच्याकडं राहील. झूम नाही म्हणून तो कुरकुरणार, त्याला रोज संध्याकाळी गणपत गल्लीच्या बाजारात उभं करणार आहे, फुलवाल्या मावश्यांना विचारून फोटो काढायचे आणि पुढच्या वेळी प्रिंट नेऊन द्यायची.