घामातले मीठ
मे महिन्यात धरमपेठेतून सायकलने घरी आले की कुर्त्याच्या पाठीवर मिठाची पांढरी रेघ उमटते आणि मला सीएफटीआर हे प्रथिन आठवते. घामग्रंथीच्या नलिकेत मिठातले क्लोराइड याच प्रथिनातून शरीरात परत जाते. १९८९ साली ज्याचे जनुक सापडले, त्या १,४८० अमिनो आम्लांच्या या प्रथिनाच्या वाहिनीत बिघाड झाला की सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार होतो, बाळाचा घाम फार खारट लागतो आणि छातीतला चिकट कफ सुटत नाही. २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला आयव्हाकाफ्टर हा औषधाचा चिमुकला रेणू पेशीपटलातच वाहिनीला बिलगून तिचे दार अधिक वेळ उघडे ठेवतो, हे मला आजही विलक्षण वाटते. मात्र प्रथिनाची घडी चुकून वाहिनी पटलापर्यंत पोहोचतच नसेल, तर ती घडी सावरणारा टेझाकाफ्टरसारखा दुसरा रेणू सोबतीला द्यावा लागतो.