र. धों. आणि 200 रुपयांचा दंड

बरोबर असेल ते करावं, कितीही जड गेलं तरी, असं आपण पोरांना अगदी सहज सांगून टाकतो पण जड म्हणजे नक्की किती ते कुणी सांगत नाही. हा विषय निघाला की मला र. धों. कर्वे आठवतात. महर्षी कर्व्यांचा मुलगा अशी ओळख करून देतात त्यांची, पण खरं तर त्यांचं ते स्वतःचंच एक प्रकरण होतं.

माणूस गणिताचा प्रोफेसर, मुंबईत बरी नोकरी, आणि 1921 मध्ये यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी क्लिनिक काढलं त्याच वर्षी! बायकांना एकामागून एक बाळंतपणं, त्यात कित्येक जणी जायच्या, आणि त्यावर बोलायचं मात्र नाही. कॉलेज मिशनऱ्यांचं, त्यांना हे काही झेपेना, शेवटी नोकरी सोडावी लागली.

मग 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. मला विचाराल तर खरं अवघड काम हे होतं, कोर्टकचेरी नाही. कोर्टात निदान चार लोक बघायला तरी येतात. इथे दर महिन्याला मजकूर जमवा, प्रुफं तपासा, लोकांच्या लाजत विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरं द्या, वर शिव्या खा, आणि पैशाचं गणित गणिताच्या प्रोफेसरलासुद्धा जमेना अशी अवस्था. तरी 1953 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत अंक काढले या माणसाने. पत्नी मालतीबाईंनी हे सगळं बरोबरीने सोसलं आणि त्यांचं नाव आपण घेतही नाही, ते वेगळंच.

अश्लीलतेचे खटले झालेच. 1934 मधल्या खटल्यात वकील कोण, तर डॉ. आंबेडकर. गोलमेज परिषदा, पुणे करार नुकतेच होऊन गेलेले, आधीच अंगावर एवढे शत्रू, त्यात असल्या 'बदनाम' माणसाचं वकीलपत्र घेऊन बाबासाहेबांना काय मिळणार होतं? काही नाही. पण लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही हे त्यांनी कोर्टात मांडलं. केस हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. नंतर 1938 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला, तोही पडला.

यावर लोक म्हणतात की बघा, शेवटी काळाने त्यांनाच बरोबर ठरवलं. मला हे फार पटत नाही, कारण दंड भरताना काळ काय ठरवणार हे त्यांना कुठे माहीत होतं, आणि माहीत नसतानाच पुढचा अंक काढला ना त्यांनी. भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा अधिकृत कार्यक्रम सुरू केला तो 1952 साली. ऑक्टोबर 1953 मध्ये र. धों. गेले.