सात वर्षांची म्हणून आणलेली घोडी

कळव्यात माझा जनावरांचा दवाखाना आहे. लग्नसराई जवळ आली की खारेगावकडच्या तबेल्यांतून बोलावणी येतात: लंगडतेय, पोट दुखतंय, दाखला हवाय.

"सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलीय डॉक्टर, सात वर्षांची. तेवढं लिहून द्या, संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय," मालक म्हणाले.

मोतद्दाराने घोडी धरली, मी ओठ उचलला. खालच्या कडेच्या दातांवर काळे खळगे होते. सातव्या वर्षी ते असतातच. पण खऱ्या खळग्याभोवती इनॅमलचं पांढरं कडं असतं, ते नखाला लागतं. इथे कडं नव्हतं. झिजलेले दात कोरून, डागून खळगे पाडले होते. वरच्या कडेच्या दातावर मात्र साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते आणि पंधराव्याच्या सुमारास दाताच्या मध्यापर्यंत उतरते. हिची मध्यापर्यंत आली होती. हा हिशेब वर्ष-दोन वर्षांनी चुकतो, आठ वर्षांनी नाही. कोरताना तिला भूल दिली असेल असं मला वाटत नाही, आणि त्याचाच संताप जास्त आहे.

वयाची अशी लबाडी जुनीच आहे. एप्सम डर्बी ही इंग्लंडमधली घोड्यांची शर्यत १७८० साली सुरू झाली, पहिली डायोमेडने जिंकली. शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची. १८४४ मध्ये 'रनिंग रेन' पहिला आला. खरा तो मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा होता. तक्रार शर्यतीआधीच झाली होती, तरी पंचांनी त्याला धावू दिलं. ही गोष्ट मला अजून पटत नाही. घोड्याला साडेतीन वर्षांच्या आसपास पक्क्या दातांची दुसरी जोडी येते. तोंड उघडून बघायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोचे मालक कर्नल पील भांडले, लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी पुरावे गोळा केले. न्यायमूर्ती आल्डरसन यांनी घोडा हजर करा म्हटलं, तर घोडाच गायब! डर्बी ऑर्लँडोला मिळाली.

मी दाखल्यावर 'अंदाजे पंधरा वर्षे' लिहिलं. मालकांचा चेहरा उतरला. "मीही फसलोय हो. पैसे कुठून काढू?" ते खरं बोलत असावेत. ज्याच्याकडून घेतली त्याला बोलवा, त्याच्यासमोर पुन्हा दात दाखवतो, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर ठाण रिकामं. त्याच संध्याकाळी विकली होती, माझ्या कागदाशिवाय. कोणाला, ते मालक सांगेनात.

सात वर्षांची समजून तिला एका रात्रीत दोन-दोन वराती करायला लावतील. डांबरी रस्ता, डीजे, पाठीवर नवरदेव आणि पुढ्यात करवला. त्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

दातांचे फोटो माझ्याकडे आहेत. कपाळावरचा टिळा, मागच्या उजव्या पायाचा पांढरा पट्टा लिहून ठेवलाय. मुंब्रा, दिवा, भिवंडीच्या घोडेवाल्यांकडे चौकशी चालू आहे. सापडली तर नव्या मालकाला खऱ्या वयाचा दाखला मी फुकट देईन आणि कामाचे तास त्याच्यासमोर बसून ठरवीन.